कान्हेरीची पोढी आणि उपनगरातील आपली घरे

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'पाणी आणि वास्तू' या विषयावर मी बोलावे अशी कार्यकारिणीची सूचना आहे. विषय अभियंत्यांचा व वास्तुविशारदांचा आहे, आपला नव्हे, असे कोणाला वाटेल. परंतु या विषयावरचा आपल्या भागातला सर्वांत जुना ग्रंथ कागदावर लिहिलेला नाही. तो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या खडकात कोरलेला आहे. आपण सहलीला तेथे जातो, चैत्यगृह पाहतो, बुद्धमूर्तींना वंदन करतो, झाडाखाली डबे सोडतो आणि संध्याकाळच्या आत परततो. लेण्यांच्या अंगणात, दाराच्या एका बाजूला, जमिनीत उतरलेली पाण्याची टाकी असतात. त्यांकडे मात्र आपण डोकावून पाहतो आणि पुढे जातो. आज मला त्या टाक्यांविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारापासून जवळजवळ हजार वर्षे कान्हेरी हे बौद्ध भिक्षूंचे वसतिस्थान होते. तेथे शंभरावर लेणी आहेत. जुन्या लेखांत या डोंगराला 'कण्हसेल' म्हणजे काळा डोंगर, कृष्णगिरी, असे म्हटले आहे. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची मोठी बंदरे. त्यांच्यामधल्या व्यापारी मार्गांपासून फार दूर नाही, पण गावाच्या गलबल्यापासून अलग, असे हे ठिकाण निवडलेले होते.

आता पाऊस पाहा. सांताक्रूझ वेधशाळेची जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी सुमारे 2300 मिलीमीटर आहे. म्हणजे चार महिन्यांत दीड पुरुष उंचीचे पाणी आकाशातून पडते. उरलेल्या आठ महिन्यांत जवळजवळ काहीच पडत नाही. डोंगरावरचे पाणी उताराने ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत निघून जाते. चार महिने पूर आणि आठ महिने टंचाई, हे मुंबईचे दुखणे महानगरपालिकेच्या जन्माच्या फार पूर्वीचे आहे.

भगवान बुद्धांनी भिक्षूंना पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला, तोच वर्षावास. एरवी भिक्षूंनी चारिका करावयाची. केवळ पावसाळ्यापुरते राहावयाचे तर पाणी साठविण्याची फारशी चिंता नाही, कारण दारात पाऊसच आहे. पण विहार बारमाही झाला, तेथे अध्ययन-अध्यापन सुरू झाले, दूरदूरचे भिक्षू येऊन राहू लागले, की वैशाखातल्या पाण्याचा प्रश्न उभा राहतो. या संदर्भात एक अलीकडचे संशोधन विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. डॉ. सूरज पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आणखी सात लेणी शोधून काढली. 2021 साली त्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. या लेण्यांना पाण्याची टाकी नाहीत. त्यावरून ती कान्हेरीतल्या टाकी असलेल्या लेण्यांपेक्षा जुनी असावीत आणि पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी वापरली जात असावीत, असे अनुमान संशोधकांनी मांडले. म्हणजे मंडळी, टाके नाही ही गोष्टसुद्धा इतिहास सांगते. आधी नुसता निवारा होता. पुढे निवाऱ्याबरोबर पाणी आले. माणूस अनुभवाने शिकला आणि ते शिकणे त्याने वास्तूत उतरविले.

या टाक्यांची रचना कशी आहे? लेणे म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेली खोली, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण. अंगणाच्या एका बाजूला खडकातच खोल टाके. डोंगराच्या उतारावर, लेण्याच्या कपाळावर, खडकात अरुंद पन्हळी कोरलेल्या आहेत. वरून येणारे पाणी दारात न कोसळता त्या पन्हळीतून बाजूला वळते आणि टाक्यात उतरते. एकाच पन्हळीने दोन कामे साधली. ओसरी कोरडी राहिली आणि टाके भरले. टाक्याचे तोंड लहान, पोट मात्र मोठे. तोंड लहान असल्यामुळे ऊन आत पोहोचत नाही, पाणी कमी उडून जाते, शेवाळ कमी धरते आणि झाकण घालणे सोपे जाते. चारी बाजूंना खडक असल्यामुळे पाणी थंड राहते. शिवाय खालच्या घळीतही पाणी अडविण्याचा प्रयत्न झाला होता. ओढ्यावर जुन्या बंधाऱ्याचे अवशेष असल्याची नोंद अभ्यासकांनी केलेली आहे. म्हणजे वर प्रत्येक लेण्याचे आपले टाके आणि खाली सर्वांचा मिळून साठा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगतो. खडकात कोरलेल्या वास्तूत मागाहून काही जोडता येत नाही. विटांच्या घराला नंतर नळ लावता येतो, गच्चीवर टाकी चढविता येते. डोंगर एकदा कोरला की कोरला. म्हणून पाणी कोठून येणार, कोठे थांबणार आणि जास्तीचे कोठे जाणार, हे छिन्नी लावण्याआधीच ठरवावे लागले असले पाहिजे. ज्याने खोली आखली त्यानेच पन्हळही आखली. वास्तुविशारद वेगळा आणि पाणीवाला वेगळा, अशी वाटणी तेथे नव्हती.

मंडळी, या टाक्यांना त्या काळी एक सुंदर नाव होते, पोढी. शिलालेखांत 'पानियपोढी' असा शब्द येतो. हे लेख ब्राह्मी लिपीत व बहुतांशी प्राकृत भाषेत आहेत. एकोणिसाव्या शतकात वेस्ट, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर यांनी त्यांचे वाचन केले. पुढे पुण्याच्या डॉ. शोभना गोखले यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे या लेखांना दिली आणि 1991 साली कान्हेरीच्या लेखांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या वाचनालयात तो असावयास हवा.

हे लेख कोणाचे आहेत? एक पोढी कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दान दिली आहे. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने डोंगरावरची वाट करून दिली. सोनाराने पाणी दिले, लोहाराने वाट दिली. राजाची मोठमोठी बिरुदे लावावीत इतके यांचे ऐश्वर्य नव्हते. आपल्या कमाईतला भाग त्यांनी सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या कामात घातला आणि दोन ओळींत तो नोंदविला.

दुसऱ्या टोकाचा एक लेख पाहा. पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळ मोठे टाके आहे, त्यावर संस्कृतात लेख आहे. सातकर्णी वासिष्ठीपुत्र या सातवाहन राजाच्या राणीचा विश्वासू अमात्य सतेरक याने हे पाण्याचे टाके दान दिले, असा त्याचा आशय. राणी ही महाक्षत्रप रु... याची कन्या, असे लेखात आहे. पुढची अक्षरे झिजलेली आहेत, पण हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामा, असे बहुतेक विद्वान मानतात. हा रुद्रदामा कोण? जुनागडच्या खडकावर ज्याचा लेख आहे तोच. तो लेख साऱ्या भारताच्या जलव्यवस्थापनाच्या इतिहासातला एक मानबिंदू आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात तेथे सुदर्शन तलाव बांधला गेला. सम्राट अशोकाच्या काळात त्याला कालवे काढले गेले. इसवी सन 150 च्या सुमारास अतिवृष्टीने त्याचा बांध फुटला. भगदाड इतके मोठे होते की दुरुस्ती अशक्य म्हणून अमात्यांनी विरोध केला. तरीही प्रजेवर जादा कर व वेठबिगार न लादता, स्वतःच्या कोशातून, बांध पुन्हा घातला गेला, असे रुद्रदाम्याचा लेख सांगतो. पिता तिकडे फुटलेला तलाव दुरुस्त करतो आणि कन्येचा अमात्य इकडे आपल्या बोरिवलीच्या डोंगरावर पोढी देतो. पाण्याचे काम हे मानाचे काम आहे, ही समजूत त्या काळी सोनारापासून राजघराण्यापर्यंत पोहोचलेली होती.

पण बांधणे हे अर्धेच काम झाले. सुदर्शन तलाव उत्तम बांधलेला होता, तरी फुटला. टाके कितीही चांगले असो, पन्हळीत पाला अडकला की ते भरत नाही आणि गाळ साचला की त्यात पाणी मावत नाही. कान्हेरीत सांभाळणारा संघ होता. त्याच्या निर्वाहासाठी दात्यांनी 'अक्षयनिवी' ठेवल्या होत्या. अक्षयनिवी म्हणजे असे दान की ज्याचे मुद्दल कधी मोडावयाचे नाही, येणाऱ्या उत्पन्नातूनच चीवरादी खर्च भागवावयाचा. एका लेखात मंगलठाण गावातले शेत दिल्याचा उल्लेख आहे. हे गाव म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. आज तेथे आपण बसथांबा आणि इमारती पाहतो. एके काळी तेथले शेत डोंगरावरच्या विहाराला आधार देत होते. भिक्षूच्या आठ परिष्कारांत चीवर, पात्र यांबरोबर पाणी गाळण्याचे फडके, 'परिस्सावन', हेही सांगितले आहे. पाणी गाळून घेणे हा ज्यांच्या दिनचर्येतला नियम, त्यांना पाण्याची निगा वेगळी शिकवावी लागत नव्हती.

आता कान्हेरीच्या डोंगरावरून खाली उतरू. याच डोंगररांगेतल्या पाण्यावर इंग्रजांनी मुंबईची पाणीयोजना उभी केली. 1860 साली विहार तलाव झाला, 1879 साली तुळशी. हे तलाव पुरेनात म्हणून 1892 साली तानसा आले. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 साली मध्य वैतरणा. आपली तहान शहापूर, मोखाडा, इगतपुरी येथपर्यंत गेली. घाटकोपरच्या नळाला येणारे पाणी शहापूर तालुक्यातून वाहत येते आणि त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आपल्या नळात कोणाची तहान मिसळलेली आहे, याचा विचार बुद्धाचे नाव घेणाऱ्याने करावयास नको काय?

दुसऱ्या बाजूला, आपल्या डोक्यावर पडणारे पाणी आपण गटारात सोडतो. अंगणे काँक्रीटची झाली, विहिरी बुजविल्या, नद्यांना भिंती घातल्या. दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या नद्या याच डोंगरातून निघतात. त्यांची आठवण आपल्याला 26 जुलै 2005 रोजी झाली. त्या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला.

यावर गच्चीचे पाणी साठविणे हा उपाय सांगितला जातो. 2002 पासून मुंबईत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना तो बंधनकारकही झाला. त्याचा हिशेब आपण भाबडेपणाने नव्हे, नीट मांडू. समजा, 40 बिऱ्हाडांची इमारत आहे, 200 माणसे राहतात, गच्ची 400 चौरस मीटर आहे. 2300 मिलीमीटर पाऊस म्हणजे त्या गच्चीवर चार महिन्यांत 9,20,000 लीटर पाणी पडते. त्यातले 80 टक्के हाती आले तर 7,36,000 लीटर. माणशी दररोज 135 लीटर या शासकीय मानकाप्रमाणे इमारतीला रोज 27,000 लीटर लागतात. म्हणजे सगळे पाणी साठविले तरी सत्तावीस दिवस पुरेल. वर्ष निघणार नाही. शिवाय एवढे पाणी साठवायला दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सात मीटरहून खोल हौद लागेल. तो कोणत्या सोसायटीत मावेल?

मग हे सारे व्यर्थ आहे काय? नाही. त्या 135 लीटरपैकी 45 लीटर केवळ संडासात ओतण्यासाठी धरलेले असतात. ते रोज 9,000 लीटर होतात, म्हणजे पावसाळ्याच्या 122 दिवसांत सुमारे 11 लाख लीटर. मध्यम आकाराची टाकी बांधून पावसाचे पाणी रोजच्या रोज त्या कामी वापरले, तर पावसाळ्यातली ही गरज जास्तीत जास्त दोन तृतीयांशापर्यंत भागू शकते. टाकी भरून वाहिली की ते पाणी खड्ड्यातून वा विहिरीतून जमिनीत मुरवावे. मात्र समुद्राजवळची जमीन, डोंगरउताराचा कातळ आणि भरावाची जमीन यांचे गुण निरनिराळे असतात. म्हणून जागा पाहूनच खड्डा घ्यावा, शेजारच्या इमारतीची नक्कल करू नये. भातसाचे शुद्ध केलेले पाणी संडासात ओतणे आणि पावसाचे शुद्ध पाणी गटारात सोडणे, ही दुहेरी उधळपट्टी तेवढी थांबेल.

पण खरी अडचण तंत्राची नाही. बिल्डर परवानगीसाठी खड्डा खणतो, दाखला मिळतो, पुढे त्या खड्ड्यावर मोटार उभी राहते. गाळणीतली वाळू कोणी बदलत नाही. गच्चीवरच्या पाइपात कबुतरांची घरटी होतात. पन्हळ आहे, पोढी आहे, पण संघ नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत राहावयास गेलेले आपले कितीतरी लोक हे अनुभवत आहेत. पंप बिघडला की वर्गणी कोणी काढायची यावर महिनाभर वाद चालतो आणि तोवर सातव्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन खाली उतरतात. सहकारी सोसायटी हाही एक संघच आहे. तिची सभा केवळ भांडणासाठी नसते.

झोपडपट्टीतल्या बांधवांचा प्रश्न याहून कठीण आहे. दहा बाय पंधरा फुटांच्या पत्र्यावरूनसुद्धा पावसाळ्यात पंचवीस हजार लीटर पाणी मिळू शकते. पागोळ्यांखाली पिंप लावणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हे कोणी शिकविलेले नाही, गरजेने शिकविले आहे. पण उघड्या पिंपात डासांच्या अळ्या होतात आणि मलेरिया, डेंग्यूला वाट मिळते. म्हणून लहान तोंडाची पोढी आठवावी. पिंपाला घट्ट झाकण हवे, पाणी कापडातून गाळून आत सोडावे आणि ते पिण्यास न वापरता धुण्याभांड्याला वापरावे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पत्र्याचे पाणी हा नळाला पर्याय नव्हे. पाणी साठवा असे गरिबाला सांगून नळाचा हक्क नाकारणे ही लबाडी ठरेल.

या हक्काचा इतिहास आपल्याला सांगावयास नको. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक आहे, अस्पृश्यांना त्यावरून रोखता येणार नाही, हा कोर्टातला झगडा 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. दहा वर्षे लागली. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्यासारख्या योजनांच्या आखणीत बाबासाहेबांचा वाटा होता. तळ्याचा हक्क आणि धरणाचे नियोजन हे दोन्ही त्यांनी आपलेच काम मानले. त्याच उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि वस्ती अनधिकृत आहे एवढ्यावरून तेथल्या माणसांना पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे सांगितले. तळ्यापासून नळापर्यंतची ही वाट एकच आहे.

कान्हेरीच्या दानलेखांत 'चातुदिस भिखुसंघ' असे शब्द येतात, म्हणजे चारी दिशांचा संघ. दान एका भिक्षूला नाही, आज येथे असलेल्यांनाच नाही, तर उद्या कोणत्याही दिशेने येईल त्यालाही. ही पोढी संघासाठी होती, सर्व जनतेसाठी खुली होती असे लेख म्हणत नाहीत. तो दावा आपण करू नये. पण न पाहिलेल्या, अजून न आलेल्या माणसासाठी पाणी राखून ठेवण्याची दृष्टी त्यात आहे. तीच दृष्टी महाडने साऱ्या समाजापर्यंत नेली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी येथे कामाची खाण आहे. स्थापत्य, वास्तुकला, इतिहास, भूगोल, पाली, कोणत्याही शाखेचे असा. कान्हेरीत आणि अंधेरीच्या महाकाली लेण्यांत जा. एका लेण्याची पन्हळ कोठून कोठे जाते याचा नकाशा काढा. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कसे वळते ते टिपा. वास्तू संरक्षित आहे, म्हणून मोजमापासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या आणि दगडाला ओरखडाही काढू नका. मग तीच वही घेऊन आपल्या इमारतीत या. गच्ची किती, खड्डा कोठे, गाळणी शेवटची केव्हा साफ झाली, किती नळ गळतात, हे लिहून काढा. मुलुंडच्या एका इमारतीचा आणि घाटकोपरच्या एका चाळीचा असा प्रामाणिक हिशेब कोणी केला, तर तेही संशोधनच आहे.

सभासदांना माझी विनंती थोडकी आहे. गावोगावी, वस्तीवस्तीत आपण विहार बांधतो. वर्गणी जमते, संगमरवर येतो, कमान उभी राहते. यापुढे विहाराचा आराखडा काढताना पहिली रेघ पाण्याची काढा. छपराचे पाणी कोठे उतरणार ते ठरवा आणि मगच मूर्तीचा चौथरा ठरवा. बांधकाम निधीतला काही भाग ठेव म्हणून बाजूला काढा आणि तिच्या व्याजातून दरवर्षी वैशाख पौर्णिमेनंतर, पावसाआधी, पन्हळी व टाकी साफ करून घ्या. ही आपली अक्षयनिवी होईल. आणि वस्तीतला कोणी तहानलेला आला तर त्याची जात, धर्म, राहण्याचा पुरावा न विचारता त्याला पाणी मिळेल अशी तोटी विहाराच्या दारात ठेवा.

कल्याणच्या सोनाराचे घर राहिले नाही, दुकान राहिले नाही. त्याने दिलेल्या पाण्याची नोंद मात्र अठराशेहून अधिक वर्षे टिकली आहे. आपल्या नावाच्या पाट्या विहाराच्या भिंतीवर पुष्कळ लागतात. त्यांतली एखादी तरी पोढीवर लागावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!